मातीला सांगितलेले खोटे

एका राज्यात कुस्तीचे वेड असे, की राजाच्या दरबारी चार माणसे जमत आणि आखाड्याभोवती गावेच्या गावे लोटत. तिथला राजपुत्र वज्रकेतू बदाम-दुधावर पोसलेला, नामांकित उस्तादांनी घडवलेला आणि खरोखरच ताकदवान होता. पण तो जिंकला की लोक नुसती मान डोलावत. कोळसेवाल्यांचा म्हसू जिंकला, की फेटे उडवत. राजपुत्राला हे फार लागे.

मग या शहाण्याने काय करावे? अंगाला कोळसा फासला, फाटका लंगोट कसला आणि परमुलखातल्या जत्रेत जाऊन उभा राहिला. तिथली रीत अशी, की मल्लाने आखाड्याची माती कपाळी लावायची आणि आपले घर सांगायचे. वज्रकेतूने माती लावली आणि म्हणाला, "कोळशाच्या भट्टीवर वाढलो. आई उपासमारीने मेली."

जत्रा हळहळली. भागू नावाच्या म्हाताऱ्या कोळसेवालीने तर पदर डोळ्यांना लावला आणि आपली भाकरी त्याच्या हाती दिली. कुस्ती त्याने मारली, फेटे उडाले, आणि स्वारी तरंगतच घरी निघाली.

राजवाड्यात राणी निपचित पडली होती. अंग गार, श्वास नावाला. वैद्यांनी हात टेकले होते. उशाशी पिंजऱ्यात साळुंकी होती, ती बोलली, "राजपुत्रा, ती माती मंतरलेली आहे. तिच्यापाशी बोललेले खरे होते. आईला तू मेलेली म्हणालास."

"उपाय सांग."

"कोळशाच्या रानात मांत्रिक आहे. त्याला विचार. दिवस फार नाहीत."

मांत्रिक धुराचा होता. ढोलीतून निघून तो फांदीवर बसला आणि म्हणाला, "कामे तीन. एक भट्टी लाव आणि कोळसा उतरव. मग नदीत अंग धू. आणि तुझ्या आईसाठी जो रडला, त्याने माती कपाळी लावून सांगितले पाहिजे, की ती जिवंत आहे. तुझ्या शब्दाला माती आता विचारत नाही."

वज्रकेतूने लाकडे रचली, वर माती लिंपली, आग दिली. धीर धरवेना म्हणून भट्टी उघडून पाहिली, तर आत वारा शिरून सगळ्याची राख झाली. पुन्हा रचली. धूर खाल्ला, हात पोळले, आणि ते पाहायला कोणी नव्हते. कोळसा उतरला. मग तो नदीत उतरला. भट्टीची काजळी नदीने एका बुडीत नेली. मिरवायला फासलेला कोळसा मात्र जागचा हलेना. तसाच काळा तो अजून भरलेल्या त्या जत्रेत भागूकडे धावला.

"आजी, मी खोटे बोललो. माझी आई आहे."

"आन् आता खरं बोलतोस कशावरनं?" भागू म्हणाली.

बिचारा वज्रकेतू! भर जत्रेत सांगू लागला, "मी राजाचा मुलगा. परांच्या गादीवर निजतो. आई अजून माझ्या डोक्याला तेल लावते. मला सोनुल्या म्हणते. खरचटले तर फुंकर घालते, आणि मी घालू देतो."

जत्रा खो खो हसली. कुस्तीसाठी तिथे आलेला म्हसू तर पोट धरून खाली बसला. राजपुत्र ढसाढसा रडत होता. कोण हसते, याचे त्याला भान नव्हते.

भागू हसली नाही. "म्हंजी तुझी माय उपाशी न्हाई मेली?"

"नाही, आजी."

"बरं झालं बाई. तवापासनं माझ्या घशाखाली घास उतरंना." तिने चिमूटभर माती कपाळी लावली. "ह्याची माय जित्ती हाय."

कोळसा त्याच्या अंगावरून झरझर गळून पडला. घोडा मागायचेही न सुचून तो पायीच पळत सुटला.

पुढे तो स्वतःच्या नावाने लढला, कधी जिंकला, कधी हरला. फेटे म्हसूसाठीच उडत राहिले आणि ते रास्तच होते. पण त्या दिवशी तो धापा टाकत महालाच्या दारात पोचला, तेव्हा राणी उठून पाटावर बसली होती आणि दासी तिला गरम भात वाढत होती. उंबऱ्यावर तो मटकन बसला.

"दारात काय बसतोस?" राणी म्हणाली. "हात धू आणि जेवायला ये."