हातभर वरून

ही कहाणी मला नीट आठवते का, याची खात्री नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात सगुणामावशी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या ओसरीवर बायांना ती सांगायची. मी पुढं पुष्कळ शिकलो. त्या पुस्तकांतलं काही तिच्यात मिसळलंही असेल. कहाणी संपली की मावशी सगळ्यांना आपल्या तांब्यानं पाणी द्यायची. देवळाचं अंगण झाडणारी शेवंताबाईही त्याच तांब्याला तोंड लावून प्यायची. एवढं तरी मला पक्कं आठवतं. बायांना कहाणी वाचून दाखवणारीनं इथून पुढं वाचावं.

ऐका बायांनो, तहानेच्या वशाची कहाणी. माळावर एक गाव होतं. तिथं एस्तेरबाई राहायची. घरात एक सून होती. एस्तेरबाईनं वसा घेतला. काय वसा घेतला? उपवासकाळाचे चाळीस दिवस दारात घडा भरावा, तहानलेल्याला पाजावं, कुणाला नाही म्हणू नये. मग तिनं पाणी आणलं, घडा भरला, प्रार्थना केली.

पहिला आला टोपल्या विणणारा. "माय, पाणी दे." त्यानं ओंजळ धरली. तिनं तांब्या उचलला, हातभर वरून ओतलं. निम्मं तोंडात गेलं, निम्मं कोपरावरून गळलं. सून म्हणाली, "आत्याबाई, तांब्या त्याच्या हातात द्या की."

"अन् बाटला म्हणजे?"

"गाव आपल्यालाच बाटगे म्हणतं, आत्याबाई!"

"तू भाकरी बघ. करपली."

मग दुसरी आली रस्ता झाडणारी. तिनं ओंजळ धरली. हिनं हातभर वरून ओतलं. निम्मं तोंडात, निम्मं कोपरावर. सून म्हणाली, "रविवारी देवळात प्रभुभोजनाला हिच्यामागून त्याच पेल्यातून पिता ना?"

"ते देवाचं घर. हे माझं."

मग तिसरा आला महारोगी. बोटं झडलेली, ओंजळ जमेना. हिनं हातभर वरून ओतलं. सगळं मातीत गेलं. तो म्हणाला, "माय, ओठ कोरडेच राहिले."

"मी दिलं, बाबा. तुला घेता आलं नाही."

वसा पुरा झाला. असे पुष्कळ वसे झाले. गाव म्हणालं, बाई पुण्यवान. मग एस्तेरबाई मेली.

मग न्यायाचा शेवटला दिवस आला. एस्तेरबाई उठली, चालू लागली. वाट लांब, घसा कोरडा. न्यायासनापुढं उभी राहिली. प्रभू म्हणाला, "काय आणलंस?"

"तुझ्यावरचा विश्वास आणला."

"तो कुठं दिसला?"

"तहानलेल्यांना पाजलं. कुणाला नाही म्हटलं नाही."

"खरं आहे. मलाही पाजलंस. तीनदा आलो होतो." प्रभूनं हात पुढं केले. कोपरं अजून ओली होती. ओठ कोरडे होते.

एस्तेरबाईला ती तिघं आठवली, मातीत गेलेलं पाणी आठवलं. ती रडली. "प्रभू, एक दिवस परत पाठव. एकच. तांब्या हातात देईन."

"तो दिवस होऊन गेला, बाई."

"मग मी जाते." ती माघारी वळली.

"थांब. आपण पाजलेल्या पाण्यावर इथं कुणीच आत येत नाही." प्रभूनं आपला तांब्या घेतला, तोंड लावून प्याला, मग उष्टाच तिच्या हातात दिला. म्हणाला, "हे माझं घर."

ती प्याली. आत गेली. पण आत ती तिघं बसली होती. त्यांच्याकडं तिला बघवेना. किती दिवस बघवेना, ते कहाणीत नाही.

एस्तेरबाईला जशी दया मिळाली, तशी तुम्हांआम्हां मिळो. तिला जे उशिरा उमगलं, ते आपल्याला वेळेवर उमगो. ही तहानेची कहाणी, प्रभूच्या दारी, भरल्या तांब्यानं सुफळ होवो, संपूर्ण होवो.

पुढं पुष्कळ वर्षांनी शेवंताबाईची लेक भेटली. त्या तांब्याचं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मावशींनी पाण्याला कधी नाही म्हटलं नाही. आई ओंजळीनं प्यायची."