लुगड्याआडची घोसाळी

एका गावाच्या टोकाला एक परसबाग होती आणि त्या परसबागेवर एक बाई होती. ‘परसबागेवर’ म्हणायचं कारण एवढंच, की ती बागेत काम करायची त्याहून जास्त बागेवर पहारा द्यायची. सगळी आळी तिला काकू म्हणायची.

बाग मात्र बघत राहावी अशी होती. न्हाणीच्या पाण्यावर अळू, त्याच्या कडेने गवती चहा, मग पुदिना, मिरच्या, वांगी, जाड पानांचा ओवा आणि मागच्या दाराशी कढीपत्ता. वांगं धरलं की काकू त्याच्या देठाला काळा दोरा बांधायच्या. कुणी कढीपत्त्याची डहाळी मागितली तर देताना हसून म्हणायच्या, "या महिन्यातली ही चौथी हं." मागणारी पाचव्यांदा येत नसे.

पण काकूंचा खरा जीव होता तो घोसाळ्याच्या वेलात. ते बी त्यांच्या आईचं. सासरी येताना आईने पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. हातभर लांब आणि शिजलं की लोण्यासारखं मऊ होणारं तसलं घोसाळं गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, कारण काकूंनी बी कधी कुणाला दिलंच नव्हतं. दर वर्षी एक घोसाळं वेलावरच वाळू द्यायचं, हलवलं की आत बिया खुळखुळायला लागायच्या, मग त्याच बिया पुढच्या वर्षी लावायच्या. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. तिच्या हातचं म्हणावं असं काकूंकडे तेवढंच उरलं होतं.

एकदा शेजारणीने फारच गळ घातली.

"काकू, चार बिया द्या की. माझ्या शेवग्यावर वेल चढवते."

तोंडावर नाही म्हणणं काकूंना जमेना. त्या आत गेल्या, बिया तव्यावर चांगल्या शेकल्या, गार केल्या आणि पुडीत बांधून आणून दिल्या. शेजारणीने शेणखत घातलं, पाणी घातलं. एक कोंब वर आला नाही.

"तुझ्या हाताला गुणच नाही गं," काकू कुंपणावरून म्हणाल्या.

शेजारीण नुसती हसली. ते हसणं काकूंना आवडलं नाही. त्या दिवसापासून त्यांना वाटू लागलं, ही आता डाव धरणार.

पुढच्या वर्षी उंदरांनी काकूंची बियांची पुडी फोडली. चारच बिया वाचल्या. चारही लावल्या, त्यातली एकच रुजली. म्हणजे या एका वेलावर बियाणाचं घोसाळं वाळलं नाही, तर आईचं बी संपलं.

त्याच सुमारास काकूंच्या घरी सून आली. बोलायला मोजकी, पण बघायला सगळं बघणारी. काकूंना सून आवडली, तिचं बघणं तेवढं नाही आवडलं.

वेल मांडवावर चढला. पिवळी फुलं आली. पहिलं बोटाएवढं घोसाळं धरलं त्या सकाळी शेजारीण कुंपणाशी येऊन म्हणाली, "अगं बाई, किती गोडुलं धरलंय! ते बघा ना, त्या पानामागे!" आणि तिने सरळ बोट दाखवलं.

काकू झटकन वेलापुढे आडव्या उभ्या राहिल्या. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते कुजतं. दाखवायचंच तर बोट मुडपून दाखवायचं. एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं!

तिसऱ्या दिवशी घोसाळं पिवळं पडून गळलं. माशीने टोचल्याचा बारीक डाग होता त्याच्यावर. तो सुनेला दिसला. काकूंना फक्त शेजारीण दिसत होती.

"मुद्दाम केलंन तिने."

"आई, माशी लागली असेल."

"माशीशी माझं काय वाकडं आहे?"

काकूंनी ट्रंक उघडली. जुनी नऊवारी लुगडी काढली, एकाला एक जोडून शिवली आणि मांडवाला वरून आणि चहूबाजूंनी पडदे लावले. शेजारणीच्या बाजूला पुरुषभर उंचीच्या वर दुहेरी कापड. आत शिरायला एक फट ठेवली, तिला नाडी. परसात कुणी आजारी माणूस निजवला असावा तसा तो मांडव दिसू लागला. इतकी वर्षं आळीत कुणी घोसाळ्याकडे ढुंकून बघत नव्हतं. आता येणारीजाणारी प्रत्येक जण विचारी, "काकू, आत काय हो?"

"काही नाही," काकू म्हणायच्या, आणि विचारणारीचं नाव मनात ठेवायच्या.

आत फुलं भरभरून येत होती. लहान लहान घोसाळी धरल्यासारखी दिसायची आणि चार दिवसांत पिवळी पडून गळायची. एके सकाळी सून पाणी घालताना म्हणाली, "आई, आत भुंगे येत नाहीत हो."

"मग? त्यांना आवतण धाडू?"

"भुंगा फुलावर बसला तरच फळ धरतं. आमच्या दारचा वेल तसाच धरायचा. सकाळचा तेवढा पडदा वर करू या?"

काकूंनी नाडीला हात घातला. सून सांगत होती ते अगदीच खोटं नव्हतं, माहेरी आईच्या मांडवाखाली भुंग्यांची घूं घूं त्यांनीही ऐकली होती. नाडी अर्धी सुटलीसुद्धा. तेवढ्यात कुंपणापलीकडे शेजारणीच्या बांगड्या वाजल्या. काकूंनी नाडीला दोन गाठी मारल्या.

घोसाळी गळतच राहिली. आधी संशय शेजारणीवर होता, मग दूधवालीवर गेला, कारण ती एकदा "वेल झकास आहे" म्हणाली होती. मग पडद्याआड जाणारं कुणी उरलं तर ती एकटी सून. काकूंनी तिला हाक मारली.

"खरं सांग, आत बोट दाखवतेस का?"

"कुणाला दाखवू, आई? आत मी एकटीच असते."

"उलट बोलू नको. हात पुढे कर."

आणि काकूंनी तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला लुगड्याची चिंधी गुंडाळली. बागेत जाताना सुटता कामा नये, असं बजावलं. सुनेने चिंधीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि कळशी उचलली. पाणी घालायला बोट लागत नाही.

मार्गशीर्ष आला. वेल वाळला. काकूंनी एका दुपारी नाड्या सोडल्या, टाके उसवले, एकेक लुगडं खाली घेतलं. पान न् पान चाळलं. मांडवावर एक घोसाळं नव्हतं. त्या तिथेच मातीत बसल्या.

"संपलं गं," त्या म्हणाल्या. "आईचं बी संपलं. आणि मागायला जाऊ तर कुणाकडे? कुणाला दिलंच नाही."

वारा आला. कुठेतरी काहीतरी खुळखुळलं.

काकूंनी मान वर केली. मांडवाच्या कोपऱ्यातून, दुहेरी कापडाच्या उसवलेल्या टाक्यातून, वेलाचा एक शेंडा केव्हाचा बाहेर पडला होता. तो कुंपण ओलांडून शेजारणीच्या शेवग्यावर चढला होता. चार महिने काकूंनी त्या बाजूला नुसतं कापड पाहिलं होतं. शेवग्याच्या फांदीला, रस्त्याच्या अगदी वर, एक हातभर लांब वाळलेलं घोसाळं लोंबत होतं. नळावर पाण्याला जाणाऱ्या आळीतल्या सगळ्या बायका त्याच्याखालून जायच्या, आणि बहुतेक सगळ्यांचं त्याला बोट दाखवून झालं होतं.

"तुला दिसलं होतं?" काकूंनी सुनेला विचारलं.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यालाही लुगडं नेसवलं असतं."

काकूंना राग यायला हवा होता. पण आला नाही. त्या उठल्या आणि चार महिन्यांनी शेजारणीच्या दारात गेल्या. मागोमाग सून. आकडी लावलेली काठी घेऊन शेजारणीने घोसाळं अलगद काढलं आणि काकूंच्या ओंजळीत ठेवलं.

"बियाणाचं असेल म्हणून तोडलं नव्हतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू, एकदा कोयता घेऊन उभी राहिले होते. मग म्हटलं, वेलाने माझं काय बिघडवलंय?"

काकूंनी घोसाळ्याचं टोक मोडलं. काळ्याभोर बिया पदरात सांडल्या, मोजता येऊ नयेत इतक्या. त्यांनी अर्ध्या बिया मुठीत घेऊन पुढे केल्या.

"घे. तुझ्या शेवग्यावर लाव."

शेजारणीने मूठ आपल्या हातात धरली, पण उघडली नाही.

"काकू, या वेळी कच्च्याच आहेत ना?"

काकूंचा चेहरा उतरला. "तुला... ठाऊक होतं?"

"भाजल्याचा वास मला कळणार नाही होय? मीही रोज चुलीपुढेच असते."

काकूंनी मूठ उघडली आणि त्यातल्या सगळ्या बिया तिच्या हातात घातल्या. मागे वळून सुनेचा हात धरला. चिंधीची गाठ घट्ट बसली होती. ती नखांनी सुटेना, तेव्हा त्यांनी दातांनी सोडवली.

दुसऱ्या वर्षी श्रावणात आळीत सात मांडव होते आणि सातांवर तीच घोसाळी. काकूंच्या मांडवाखाली सकाळी भुंग्यांचा एवढा आवाज असायचा, की कुंपणापलीकडून शेजारीण काय म्हणते ते ऐकू येत नसे. काकू तिला अलीकडेच बोलवायच्या. फक्त घोसाळं दाखवताना दोघीही बोट मुडपून दाखवायच्या. तेवढं राहिलंच.

तात्पर्य: ज्या पडद्यातून कुणाची नजर आत येत नाही, त्यातून भुंगाही येत नाही. संशयाने झाकून ठेवलेलं आधी आपल्याच हातून जातं.