खिंडीतला रांजण आणि सम्राटाचा हुकूम

एक होता राजा. साधासुधा राजा नव्हे बरं का, सम्राट! हत्ती होते, घोडे होते, डोक्यावर धरायला सोन्याची छत्री होती. नव्हतं ते एवढंच, समाधान. दुसऱ्याच्या ताटात काही दिसलं की याला भूक लागायची. आपल्या दिगूसारखं. हसतोस काय रे, तुलाच म्हणते मी. पाय आत घे आधी पांघरुणात.

तर या सम्राटाच्या मुलखाच्या पार टोकाला, डोंगरात, एक खोरं होतं. खोऱ्यात बारा वाड्या. लोक नाचणी पिकवायचे, वरी पिकवायचे, मध काढायचे आणि आपल्यात भांडून आपल्यातच मिटवायचे. वर डोंगरावर एक जुना किल्ला होता, त्यात घारी राहायच्या. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग एकदा काय झालं, सम्राटाची फौज आली. लढाई म्हणावी तर तीसुद्धा धड झाली नाही. यांच्या हातात कोयते, त्यांच्याकडे तोफा. घटकाभरात खोरं सम्राटाचं झालं. किल्ल्यावर निशाण लागलं, अंमलदार येऊन बसला, आणि त्याच्याबरोबर शंभर शिपाई.

पहिल्या वर्षी अंमलदारानं अर्धं धान्य उचलून नेलं. लोक म्हणाले, जाऊ दे. डोंगरात कंद आहेत, उकडून खाऊ. पोटाला चिमटा घेतला, पण गप्प बसले.

दुसऱ्या वर्षी त्यानं बैल नेले, शाही रस्त्याच्या कामाला. लोक म्हणाले, जाऊ दे. मग काय, माणसांनी आपल्या खांद्यावर जू घेतलं. खांदे सोलवटले, तरी गप्प बसले.

अंमलदाराला वाटलं, ही माणसं नव्हेत, मेंढरं आहेत. इथेच तो चुकला बघा. गप्प बसणारा माणूस कुठवर गप्प बसेल, हे बाहेरच्याला कळत नाही.

तिसऱ्या वर्षी त्यानं पाण्याला हात घातला.

आता ऐका हं, या खोऱ्याची एक रीत होती. प्रत्येक दारात पाण्याचा रांजण. वाटेनं कुणीही येवो, त्याला आधी पाणी द्यायचं. त्याचं पाणी पिऊन होईतो नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. का? तर नावगाव कळलं की आपलं मन लगेच बघायला लागतं, हा आपला की परका, देऊ की नको. तोवर त्या बिचाऱ्याचा घसा वाळतो. म्हणून आधी पाणी, मग वाणी. बारशाला काय करायचं, लग्नात काय करायचं यावर बाराही वाड्यांची तोंडं बारा दिशांना असायची, पण या रीतीवर कुणाचं दुमत नव्हतं.

आणि अंमलदाराचा हुकूम काय आला? "पाणी देण्याआधी नाव विचारा. गाव विचारा. सरकारी पितळी बिल्ला बघा. बिल्ला नसेल, तर थेंबसुद्धा देऊ नका." रस्त्याच्या कामावरून माणसं पळून जात होती ना, ती धरायला ही युक्ती. उन्हात पळणारा माणूस पाण्यापाशी थांबणारच.

खोऱ्याच्या तोंडाशी एक खिंड होती. तिथे भिवरा आणि तिचा नवरा शिदू राहायचे. सगळ्यात मोठा रांजण त्यांच्या दारात. भिवरा मोठी फटकळ बाई! तोंड सुटलं की शिदू बिचारा गोठ्यात जाऊन बसायचा. पण हात मोठा. तिच्या दारातून कुणी कोरडा गेला नव्हता.

चैत्र सरत आला होता. भर दुपारी एक माणूस ठेचकाळत आला. पाय फुटलेले, ओठ फाटलेले. भिवराच्या तोंडात हुकूम होता हो, पण हात सवयीचा. तिनं पाणी ओतलं. तो प्याला आणि मागे वळून न बघता रानात शिरला. नाव विचारायचं ते राहूनच गेलं.

पाठोपाठ शिपाई आले. त्यांच्या मागे घोड्यावर अंमलदार.

"कोण होता तो?"

"मला काय ठाऊक? विचारलंच नाही," भिवरा म्हणाली.

"खोटं बोलते! नाव न विचारता कुणी कुणाला पाणी देतं का?"

बघा, खरं बोलली तर खोटी ठरली. मग शिपायांनी रांजण फोडला. भिवराला धरायला हात पुढे केला, तेवढ्यात शिदू गोठ्यातून धावत आला. "पाणी मी दिलं," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या पुढे बोलला, आणि तेही खोटं! शिपायांनी त्याचे हात बांधले.

अंमलदार म्हणाला, "आजचा दिवस सोडून चौथ्या दिवशी सकाळी याला साखळीत घालून शाही खाणीवर धाडणार. तोवर त्या पळपुट्याचं नावगाव आणून दे, सोडतो."

त्या खाणीत गेलेलं माणूस माघारी आलेलं नव्हतं, बरं का. एकसुद्धा नाही.

भिवरा फुटक्या रांजणापाशी बसली. तिच्या मनात आलं, एखादं नाव सांगून टाकावं. कुठलंही. कोण बघायला येतंय? पण त्या नावाचा कुणीतरी कुठेतरी असणारच. त्याच्या दाराशी शिपाई जातील, त्याची बायको अशीच बसेल. तिचा जीव तिळतिळ तुटत होता, पण नाव काही तिच्या जिभेवर येईना. मग उठली, पदर खोचला आणि निघाली बारा वाड्यांना.

पिंपळाच्या पारावर सगळे जमले. कुणी म्हणालं, "भिवरे, आपण लहान माणसं. धान्य गेलं तेव्हा गप्प बसलो, बैल गेले तेव्हा गप्प बसलो. आताही बसू." कुणी म्हणालं, "बिल्ला तर बघायचाय, त्यात काय मोठंसं?"

तिथे दौलूबा नावाचा सगळ्यांत म्हातारा माणूस होता. त्यानं काठी आपटली. "त्यात काय मोठंसं? अरे, माझ्या नातवानं काल दारात आलेल्या बैराग्याला विचारलं, तुझा बिल्ला कुठाय? पाच वर्षांचं पोर! त्याला वाटतंय, जगाची रीतच ही. मेल्यावर तोंड काय दाखवू रे मी माझ्या बापाला?"

मग माणसं पाराशी आणखी जवळ सरकून बसली. आणि उठताना सगळ्यांचं ठरलेलं होतं, शिदूला सोडून हुकूम मागे घेतल्याशिवाय किल्ल्याला पाणी नाही.

किल्ल्यावरचं टाकं होतं फुटकं. रोज खालून शंभर घागरी वर जायच्या, वेठीला धरलेल्या बायकांच्या डोक्यावरून. दुसऱ्या दिवशी एकही घागर गेली नाही. डोंगरातले झरे म्हणजे काय, दगडाच्या सांदीतलं हातभर पाणी. त्यावर शिळा ठेवली, पाला टाकला, की देवालाही सापडायचे नाहीत. शिपायांनी तीन वर्षांत एक घागर उचलली नव्हती, त्यांना काय ठाऊक पाणी येतं कुठून! रांजण उपडे घालून सगळी माणसं रानात, आपापल्या झऱ्यापाशी जाऊन बसली.

पहिल्या दिवशी किल्ल्यावर हसले. अंमलदारानं तर उरलेल्या पाण्यानं आंघोळ केली, शहाणाच तो! दुसऱ्या दिवशी भात शिजवायला पाणी राहिलं नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई भाले घेऊन खाली उतरले. नदी कोरडी, वाड्या रिकाम्या, डोक्यावर आग ओकणारा सूर्य. इकडे शोध, तिकडे शोध. हिंडून हिंडून जीव घशाशी आला.

भिवरा मात्र खिंड सोडून गेली नव्हती. किल्ल्याचा दरवाजा तिथून दिसायचा ना. शिदूला नेताना निदान डोळे भरून बघता येईल म्हणून बसलेली. मागे करवंदीच्या जाळीत झरा होता, तिथे दौलूबा आणि बायका लपल्या होत्या. एवढ्यात एक शिपाई झोकांड्या खात आला आणि तिच्या पायरीशी पडला. मिसरूडही धड न फुटलेला. ओठांवर पापुद्रे आलेले. बोलता येईना, नुसतं हातानं दाखवलं, पाणी.

भिवरा उठली. दौलूबा जाळीतून बाहेर आला. "पोरी, नको. अजून एक दिवस कळ काढ. आज यांना पाणी मिळालं, तर उद्या तुझा शिदू गेला म्हणून समज."

आता सांगा बाळांनो, काय करायचं तिनं? समोर तो शिपाई, यांनीच तर शिदूला बांधून नेलं. वर किल्ल्यात शिदू. तिला रडू फुटलं. ती रडत रडतच म्हणाली, "दौलूबा, याला पाणी नाकारलं, तर मी त्यांचाच हुकूम पाळला की हो!"

म्हाताऱ्यानं काठी खाली टाकली. आणि मग स्वतःच झऱ्यावर जाऊन घागर भरून घेऊन आला.

भिवरानं पाणी ओतलं. आता तांब्यातून कुणी ओतलं तर प्यायचं कसं? ओंजळीनं. आणि ओंजळ करायची तर दोन्ही हात मोकळे लागतात. त्या शिपायानं भाला खाली ठेवला. पाण्याचा आवाज ऐकून दुसरा आला, त्यानं भाला ठेवला. दहा आले, वीस आले, शंभर आले. शेजारणीनं आपल्या घरचा रांजण लोटत आणला. तो म्हणे त्या दिवशी आटलाच नाही. मला विचाराल तर मागून बायका घागरी ओतत असणार, पण सांगणारे म्हणतात चमत्कार, तर चमत्कार.

पोटभर पाणी पिऊन शिपाई सावलीला बसले. मग भिवरानं विचारलं, "हं, आता सांगा, कुठले रे तुम्ही?"

तो कोवळा शिपाई म्हणाला, "आत्याबाई, माझं गाव समुद्रकाठी. आमची भाताची खाचरं होती. सम्राटानं घेतली, मग मलाही घेतलं." दुसरा म्हणाला, माझंही तसंच. तिसरा नुसताच रडायला लागला. शंभरांतला एकही सम्राटाच्या गावचा नव्हता बघा! सगळे असेच कुठून कुठून जिंकून आणलेले. माणूस खाल्ल्या मिठाला जागतो ना, तसा प्यालेल्या पाण्यालाही जागतो. भाले तिथेच धुळीत राहिले.

ऊन कलल्यावर अंमलदार स्वतः उतरला. त्यालाही तहान होतीच की. एका हातात तलवार, एका हातात किल्ल्यांचा जुडगा. बघतो तर शिपाई गावकऱ्यांबरोबर कांदा-भाकरी खातायत! "भाले उचला!" तो ओरडला. ओरडला कसला, घशातून नुसती हवा आली. कुणी हललं नाही.

भिवरा तांब्या घेऊन त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. अंमलदारानं तांब्याकडे बघितलं, तलवारीकडे बघितलं. मग तलवार खाली ठेवली. मग किल्ल्या ठेवल्या. ओंजळ केली आणि घटाघटा प्याला.

तोंड पुसून म्हणाला, "बाई, मला एक कळत नाही. तुमचं धान्य नेलं, तुम्ही गप्प. बैल नेले, तरी गप्प. आणि तांब्याभर पाण्यासाठी बंड केलंत?"

भिवरा म्हणाली, "सरकार, धान्य नेलंत, आम्ही उपाशी राहिलो. बैल नेलेत, आम्ही जू ओढलं. ते तुमचं पाप होतं, आम्ही सोसलं. पण हे पाप तुम्ही आमच्या हातून करवायला निघालात. ते नाही हो जमणार."

आणि तिनं वाकून किल्ल्या उचलल्या.

अंमलदार एकटाच पायी पायी निघून गेला. पुढे सम्राटानं दुसरी फौज पाठवायचं म्हटलं, पण खिंडीची गोष्ट शिपायाशिपायांत पसरली होती. जो तो म्हणे, माझा पाय मुरगळलाय. दहा हजारांचे पाय एकदम मुरगळले! शेवटी सम्राटानं नाद सोडला.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी भिवरा तांब्या घेऊन धावत किल्ला चढली, कोठडी उघडली. शिदू कोपऱ्यात बसलेला. त्याला आधी पाणी पाजलं, आणि मग तिनं तोंड सोडलं. "कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला? मोठे आले शहाणे! माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं, कळतंय का काही?" आणि बोलता बोलता त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून अशी हमसाहमशी रडली, की काय सांगू. शिदू आपला हळूच म्हणाला, "अगं, भूक लागलीय."

मग घरी आले. तिनं पिठलं केलं, गरम भाकरी थापली. दुसरा घास घेता घेताच शिदूचे डोळे मिटले, हात ताटातच. भिवरानं त्याला उठवलं नाही. बोटं पुसली, अंगावर घोंगडं घातलं आणि दाराला कडी न लावता शेजारी आडवी झाली. तीन वर्षं बाराही वाड्या घोड्यांच्या टापांकडे कान लावून निजायच्या. त्या रात्री कुणी कान लावला नाही. लहानथोर सगळे उन्हं वर येईपर्यंत गाढ झोपले, आणि पुढेही सुखानं नांदले.

दिगू झोपला वाटतं. गंगे, तूही मीट बघू डोळे. दार मी बघते.