तीनदा पुसलेले नाव

एकदा एक बाई वयाच्या पन्नासाव्या वर्षी केक शिकायला निघाली. गुरू म्हणून तिने निवडले ते गावातले सर्वांत वृद्ध बेकरीवाले. बेकरी त्यांनी केव्हाच मुलाच्या हवाली केली होती, पण लोक त्यांना अजून मास्तरच म्हणत. एवढा खटाटोप कशासाठी, असे त्यांनी विचारले. मैत्रिणीचा पन्नासावा वाढदिवस आहे, असे तिने सांगितले. मग दुकानातून तयार घेऊन जा, तासाभरात होईल, असे मास्तर म्हणाले.

"विकतचा केक कुणाच्याही हाती पाठवता येतो, मास्तर," ती म्हणाली. "स्वतः केलेला घेऊन मला स्वतःलाच जावं लागेल."

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. दोघी एकाच खेड्यातल्या, शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या. लग्ने होऊन दोघी याच गावात आल्या. चार वर्षांपूर्वी मैत्रिणीची आई वारली आणि ही भेटायला गेली नाही. आधी मुलीच्या परीक्षेचे निमित्त होते, मग उशीर झाल्याची लाज, आणि पुढे त्या लाजेचीच सवय झाली. मैत्रीण भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. सणासुदीला फोनवर शुभेच्छा तेवढ्या जात-येत राहिल्या. या वाढदिवसालाही आपण गेलो नाही तर ही मैत्री आता संपलीच, हे तिला कळून चुकले होते.

शिष्या मोठी चौकस. मैदा दोनदा का चाळायचा, अंडी फेटताना हात एकाच दिशेने का फिरवायचा, सगळे तिला जाणून घ्यायचे असे. मास्तर उत्तर देत, कधी नुसते हसत. केक भाजत असताना ओव्हनचे दार उघडू नये, हे त्यांनी बजावून सांगितले होते. तरी आत काय चालले आहे ते बघायचा मोह तिला आवरला नाही, आणि पहिले दोन केक मधोमध बसले. तिसऱ्या वेळी मास्तर सरळ ओव्हनपुढे खुर्ची टाकून बसले. तो केक छान फुगला.

वाढदिवसाच्या सकाळी शिष्येने त्यावर पांढरे क्रीम लावले, कडेने शेवंतीची फुले काढली आणि गुलाबी क्रीमचा कोन हातात धरून मधोमध सुरेख अक्षरांत लिहिले: अमृता.

मास्तरांनी नाव वाचले. चपटी सुरी उचलली आणि ते शांतपणे पुसून टाकले.

अक्षर वाकडे आले असेल, असे समजून तिने पुन्हा लिहिले. मास्तरांनी पुन्हा पुसले. तिसऱ्यांदा तिने श्वास रोखून लिहिले. वेलांटी नाही, उकार नाही, एक ऋकार तेवढा, तोही नीट आला होता. मास्तरांनी तेही पुसले. पांढऱ्या क्रीमवर आता फिकट गुलाबी डाग पसरला होता आणि कोन संपत आला होता. तिला राग आला, आणि रागाहून जास्त कुतूहल वाटले. चुकले काय ते तरी सांगा, असे ती म्हणाली.

"शाळेत तू तिला काय म्हणायचीस?" मास्तरांनी विचारले.

"द्वारकी. द्वारका नाव तिचं. अमृता हे लग्नातलं. पण तिच्या घरी चार माणसं असतील, त्यांच्यापुढे बरं दिसावं म्हणून हे लिहिलं. आणि शुभेच्छा पाठवतानाही मी हल्ली अमृताच लिहिते."

"लग्नानंतर तिला द्वारका म्हणणारं कोण होतं?"

"तिची आई," ती म्हणाली. "आणि मी."

"म्हणजे एक जण गेली," मास्तर म्हणाले, "आणि दुसरी आलीच नाही."

शिष्येने कोन खाली ठेवला. मास्तरांनी तिला बसायला सांगितले आणि तेही बसले.

"पोरी, मी आयुष्यभर चिठ्ठीवरची नावं केकवर उतरवली. घरच्या माणसासाठी एकदाच लिहिलं. बायकोच्या साठीला. लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, प्रमिला. तेच केकवर लिहिलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, केक झकास झालाय हो, कुणाचा आहे? मी थट्टा समजून हसलो. ती गेल्यावर तिच्या भावाच्या तोंडून गंगू हे तिचं माहेरचं नाव ऐकलं आणि मला तो प्रश्न कळला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मैदा, साखर सगळ्यांसाठी सारखीच असते. केक एका माणसाचा होतो तो नावानं. आणि ते नाव, तुझ्याशिवाय दुसरं कुणी लिहू शकणार नाही असं हवं."

शिष्येने उरलेल्या क्रीममध्ये 'द्वारकी' लिहिले. संपत आलेला कोन पिळून पिळून अक्षरे वाकडी आली. वेलांटी पार फुलांवर गेली. मास्तरांनी सुरीला हात लावला नाही.

दुपारी ती खोका घेऊन मैत्रिणीच्या दारात उभी राहिली. दार उघडले. "या, माधवीताई," मैत्रीण म्हणाली. शब्दांत आदर होता आणि तोच टोचत होता. हिने तिथेच खोक्याचे झाकण उघडले.

मैत्रिणीने वाकून ते वेडेवाकडे नाव वाचले. तिचे डोळे भरून आले.

"मी तेव्हा यायला हवं होतं," शिष्या म्हणाली. चार वर्षे अडलेले वाक्य एवढेसेच होते.

मैत्रिणीने खोका आपल्या हातात घेतला आणि दारातून बाजूला सरकली.

"शेवंते, उन्हात उभी काय राहिलीस? आत ये."

शेवंता हे शिष्येचे माहेरचे नाव. ते घेणारी एवढी एकच उरली होती, आणि ते ऐकून तिलाही चार वर्षे झाली होती.