पेर्नेतचं रान

फार वर्षांपूर्वीची ही हकीकत, आणि फार दूरची. फ्रान्स देशात आल्प्सच्या डोंगरांत आर्व्हेल नावाचं खेडं आहे. पन्नासेक दगडी घरं, एक चर्च, आणि गावाच्या डोक्यावर उभा चढ. त्या चढावर तेव्हा बर्फ अडवायला झाड म्हणून नव्हतं. आधीच्या पिढ्यांनी घरं बांधायला आणि चुली पेटवायला सगळं रान तोडून नेलं होतं.

एका हिवाळ्यात भर दुपारी वरचं बर्फ सुटून खाली कोसळलं. वरच्या आळीतली सात घरं त्याने माणसांसकट पुरली. पेर्नेत नावाच्या बाईचं घर खालच्या आळीत होतं, ते वाचलं. पण तिचा नवरा दोन्ही मुलांना घेऊन त्याच दुपारी वर भावाकडे गेला होता. ती तिघं वसंतात, बर्फ वितळल्यावर सापडली.

त्यांना माती दिली आणि दुसऱ्याच दिवशी पेर्नेत पाठीला टोपली बांधून शेजारच्या खोऱ्यात गेली. तिथून तिने लार्चची रोपं आणली. लार्च म्हणजे सुरूसारखं उंच वाढणारं झाड, थंडीला न भिणारं. चढावर नुसता खडक. तेव्हा नदीकाठची माती ती टोपलीने वर नेई, एका रोपाला तीन टोपल्या. शेळ्यांनी रोपं खाल्ली, तिने पुन्हा लावली. लोक म्हणत, दुःखाने बिचारीचं डोकं फिरलं. ती पुढची टोपली भरायला नदीकडे उतरे. असं म्हणतात, की कोरड्या उन्हाळ्यात तिची चाहूल लागली की रोपं तिच्या बाजूला वळत.

अशी तीस वर्षं गेली. चढावर रान उभं राहिलं.

मग तो हिवाळा आला. चाळीस दिवस बर्फ थांबलं नाही. खालच्या जंगलाकडची वाट बुजली, घराघरातली लाकडं संपली. म्हाताऱ्यांची बोटं काळी पडू लागली. तेव्हा गावचा मुखिया गास्पार दहा माणसं आणि दहा कुऱ्हाडी घेऊन चढाकडे निघाला. पेर्नेत रानाच्या तोंडाशी उभी होती.

"बाजूला हो, पेर्नेत," गास्पार म्हणाला. "माझी नात गारठून निळी पडली आहे. तुला झाडं मोठी की लेकरू?"

"लेकरू," पेर्नेत म्हणाली.

"मग वाट सोड."

"हे रान तोडलंस तर नात आज वाचेल आणि उद्या बर्फाखाली जाईल. तू तेव्हा लहान नव्हतास. तूही तिथे खणत होतास, माझ्या शेजारी. लाकूडच हवं ना? माझ्या घरात आहे. चल, तिथून सुरुवात कर."

लोकांना वाटलं, ती बोलण्यापुरतं बोलते आहे. पण ती चालू लागली आणि माणसं मागोमाग गेली. तिने स्वतः दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. मग जमिनीच्या फळ्या निघाल्या, टेबल गेलं, पलंग गेला, छपराच्या तुळया गेल्या. शेवटी तिने आतून एक पाळणा आणला. तिच्या नवऱ्याने तो कोरला होता.

गास्पारने हात मागे घेतला. "हा राहू दे."

"लाकूडच आहे," ती म्हणाली. "घेऊन जा. नातीजवळ जाळ."

त्या पाळण्याची धग तीन दिवस पुरली, असं म्हणतात. पेर्नेतच्या घराच्या नुसत्या भिंती उरल्या. ती गास्पारच्या गोठ्यात गाईंच्या उबेला राहिली. मग दुसऱ्यांना गप्प बसवेना. कुणी बाकं आणली, कुणी गव्हाणी, कुणी स्वतःच्या शवपेटीसाठी राखलेल्या फळ्या. सगळं गाव तीन घरांत गोळा झालं आणि तीनच चुली पेटत्या राहिल्या. रानाला कुणी हात लावला नाही. गास्पारची नात वाचली.

मार्चमध्ये एका सकाळी डोंगर गरजला. बर्फाचा लोंढा चर्चच्या मनोऱ्याहून उंच होऊन खाली आला. लोक गुडघ्यांवर बसले. वरच्या ओळींतली झाडं मोडल्याचे आवाज एकामागून एक येत राहिले, आणि मग आवाज थांबले. म्हणतात, त्या घटकेला खालच्या ओळीतली झाडं एक पाऊल पुढे सरकली होती. पुन्हा वसलेल्या वरच्या आळीच्या पहिल्या भिंतीपासून हातभर अंतरावर बर्फ थांबलं होतं.

पेर्नेत त्याच दिवशी वर गेली. मोडक्या फांद्यांना तिने आपल्या झग्याच्या पट्ट्या फाडून बांधल्या. गास्पार मागून आला आणि फांद्या धरून उभा राहिला. ज्या झाडांना तिची पट्टी होती, त्या सगळ्यांना वसंतात पालवी फुटली, असं म्हणतात. ती पालवी पाहून पेर्नेत वारली. गोठ्यातच गेली; गावाने नवं घर बांधून देतो म्हटलं, तर तिने नको म्हणून सांगितलं होतं.

आर्व्हेलमध्ये तिच्या घराच्या भिंती अजून तशाच आहेत, बिनछपराच्या, बिनदाराच्या. पहिलं बर्फ पडण्याआधी प्रत्येक घरातून एकेक मोठं लाकूड तिथे आणून रचतात. हिवाळ्यात ज्याची लाकडं संपतील त्याने जावं आणि न्यावं. तिकडे जाणारं कुणी दिसलं, तर वाटेवरची माणसं तोंड फिरवून उभी राहतात, म्हणजे कोण गेलं ते कुणालाच कळत नाही.