भागोजी मुराळी आणि मास्तरांचं घड्याळ

एका गावात एक भोळा भागोजी राहत होता. भोळा म्हणजे किती, तर ‘दाराकडे लक्ष ठेव’ म्हटलं की तो दाराकडे टक लावून बसायचा आणि मागून मांजर दूध पिऊन जायचं. पण एक गोष्ट त्याला झकास जमायची. चालणं. रोज सकाळी तो खिंडीपर्यंत फिरायला जायचा. वाटेत ओढ्यात पाय सोडून बसायचा, धनगराशी गप्पा मारायचा आणि कडकडून भूक लागली की घरी यायचा. किती चाललास, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, “भूक लागंपर्यंत.”

हे सुख थोरात मास्तरांना बघवलं नाही. मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी गावात व्यायाम मंडळ काढलं होतं. गळ्यात घड्याळ अडकवून ते वेशीपाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची वेळ मोजत. स्वतः मात्र चालत नसत. तरुणपणी फार विक्रम केले होते, त्यात गुडघे गेले.

“भागोजी, याला चालणं म्हणतात?” मास्तर कडाडले. “रोज कालच्यापेक्षा कमी वेळ लागला पाहिजे. आणि वाटेत थांबायचं नाही. थांबला तो संपला!”

भागोजी घाबरला. संपायची त्याला मुळीच हौस नव्हती.

त्याच दिवशी आईनं त्याला शेतावर वडिलांना, म्हणजे आबांना, भाकरी द्यायला धाडलं. भागोजी शेतावर पोचला, पण थांबला नाही. बांधावरून गोल गोल फिरत राहिला. डोक्यावर भाकरी, मागे भुकेले आबा.

“अरं, थांब की मुडद्या!”

“थांबला तो संपला, आबा!”

शेवटी आबाच संपत आले आणि चिखलात बसले. भागोजी भाकरीसकट घरी परतला. वेशीवर मास्तरांनी घड्याळ बघून त्याची पाठ थोपटली.

आईनं कपाळावर हात मारला. “अरं येड्या, डोक्यावरचं ओझं आधी खाली ठेवावं. मग पळायचं तिकडं पळावं.”

“बरं आई. आता चुकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तो गिरणीतून दळण घेऊन निघाला. पिंपळापाशी त्याला आईचं बोलणं आठवलं. त्यानं पिठाचा डबा उघड्यावर ठेवला आणि पळत सुटला. मास्तर खूश. गावातल्या शेळ्या तर त्याहून खूश.

“पीठ कुठाय?” आईनं विचारलं.

“खाली ठेवलं. तूच सांगितलंस.”

“अरं, खाली न्हाई ठेवायचं! ज्याचं त्याच्या हातात द्यावं, आन् मग मोकळ्या हातानं घरी यावं.”

“बरं आई. आता चुकणार नाही.”

नागपंचमी आली. भागोजीची धाकटी बहीण चंद्रा खिंडीपलीकडच्या बोरगावात दिलेली होती. मागच्या वर्षी आबा आजारी, म्हणून तिला आणायला कुणी गेलं नाही. पोर दिवसभर सासरच्या दारात वाट बघत उभी राहिली. सासू अशी खट, की माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय सुनेला उंबरा ओलांडू द्यायची नाही.

यंदा आईनं पहाटेच पुरण घातलं, लिंबाला झोका बांधला आणि भागोजीच्या हातात नवं लुगडं दिलं.

“हे चंद्रीच्या हातात दे. आन् लवकर ये रे बाबा. वरीस झालं पोरीचं तोंड बघून, जीव नुसता तुटतोय.”

मुराळी कशाला जातो हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून तेवढं तिनं सांगितलं नाही.

भागोजी निघाला. वाटेत धनगरानं हाक मारली. ओढा भरून वाहत होता. पाय सोडून बसावं असं फार वाटलं, पण मास्तरांचं घड्याळ चालू होतं. तो बोरगावात पोचला तेव्हा चंद्रा गाठोडं काखेला मारून दारातच उभी होती. तिचे डोळे भरून आले.

“दादा, आलास! पाणी तरी पी.”

“थांबला तो संपला!” भागोजीनं लुगडं तिच्या हातात कोंबलं, हात झटकून मोकळे केले आणि आल्या पावली वळला.

मागून चंद्राच्या हाका आल्या. बहीण आपल्याला जोर देतेय असं वाटून त्यानं आणखी पाय उचलले. मग सासूचा आवाज आला, “मुराळी आला आन् गेला! चल आत. आता पुढच्या पंचमीला.”

वेशीवर मास्तर मंडळ काढल्यापासून पहिल्यांदा खुर्चीतून उठले. “विक्रम! विक्रम!” त्यांनी भागोजीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

आई लेकीवरून ओवाळून टाकायला दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं भागोजीच्या मागे बघितलं. मग रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं.

“चंद्री कुठाय?”

“घरी.”

“कुणाच्या घरी?”

“तिच्या. लुगडं तिच्या हातात दिलं आन् मोकळ्या हातानं आलो. एवढंसुद्धा चुकलो न्हाई, आई.”

भाकरतुकडा आईच्या हातातून गळून पडला. ती रिकाम्या झोक्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. भागोजीला आईचं रडणं कधीच बघवायचं नाही. त्यानं गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“रडू नगस, आई. पुढच्या पंचमीला याच्याहून कमी वेळात जाऊन येतो.”