समुद्र काढून टाक

एका वेधशाळेत एकदा एक विद्यार्थिनी दूरच्या ग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास करीत होती. तिचे नाव ऋजुता. एका ग्रहाच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट दुर्बिणीने टिपला होता. त्यात मिथेन दिसत होता, कार्बन डायऑक्साइडही. अशा ग्रहावर अपेक्षित असलेला अमोनिया मात्र नव्हता. चौदा महिने खपून तिने संगणकावर त्या ग्रहाचे प्रतिरूप उभे केले. ग्रहभर समुद्र आहे आणि अमोनिया त्यात विरघळला आहे, असे ते सांगत होते. वर्णपटाशी ते छान जुळले.

परदेशातला एक गटही त्याच ग्रहामागे होता. म्हणून घाईघाईने निबंध लिहून ती आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेली. त्यांनी तो दोनदा वाचला.

"काम सुरेख आहे. आता यातला समुद्र काढून टाक आणि वर्णपट जुळवून दाखव."

सरांना आता कशाचीच घाई उरलेली नाही, असे ऋजुताच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, समुद्राशिवाय जुळत नाही."

"किती वेळ दिलास?"

"काल दुपारी बसले होते."

"आणि समुद्राला?"

ती नाराजीनेच पुन्हा कामाला लागली. नवव्या आठवड्यात समुद्राच्या जागी वितळलेला खडक ठेवून पाहिला. अमोनिया ज्यापासून बनतो तो नायट्रोजनच खडकाने शोषला, अमोनिया उरला नाही, आणि वर्णपट तितकाच जुळला. त्याच आठवड्यात परदेशी गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात समुद्रच होता.

तिने दोन्ही आलेख आचार्यांसमोर ठेवले. "पहिला मान गेला, सर. माझा समुद्रही गेला."

"समुद्र गेला की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही," आचार्य म्हणाले. "आवडत्या उत्तरासाठी आपण चौदा महिने राबतो आणि नावडत्याला एका दुपारीत वाटेला लावतो. मग जे जुळले ते ग्रहामुळे की आपल्या कष्टांमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. तू दोघांनाही पुरता वेळ दिलास. आता यांच्यात निवाडा कशाने होईल, ते तूच सांगू शकशील."

ऋजुता बराच वेळ आलेख पाहत राहिली. दोन्ही रेषा एकाच जागी ठळकपणे वेगळ्या होत होत्या, आणि तिथला प्रकाश दुर्बिणीने अजून नीट टिपलेला नव्हता.

"कार्बन मोनॉक्साइड मोजावा लागेल," ती म्हणाली.

त्या दुपारी तिने दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज भरला. 'काय आढळेल अशी अपेक्षा आहे?' या रकान्याशी ती थोडी थांबली. मग तिने लिहिले, 'ठाऊक नाही. म्हणून पाहायचे आहे.'